जिवंत कशाला म्हणायचं?

सातवीत असताना गुरुजींनी फळ्यावर एक यादी लिहिली. श्वसन, पोषण, वाढ, हालचाल, उत्सर्जन, चेतनाक्षमता, प्रजनन, मृत्यू. वर मथळा, त्याखाली दोन रेघा : सजीवांची लक्षणे. साल १९७५. गाव सोनपेठच्या बाजूचं, गोदावरीच्या अंगाचं. नाव सांगत नाही. एका गावाचं नाव घेतलं की बाकीची गावं सुटतात.

गुरुजी बी.एस्सी. झालेले होते आणि शिकवायचे जीव तोडून. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल माणूस अडाणी होता. अडाणी नव्हता. बेडकाचं हृदय कसं चालतं हे त्यांनी आम्हाला बेडूक फाडून दाखवलं होतं. आमच्या वह्या मात्र ते हातात घेत नसत. आम्ही चौघं दाराजवळ बसायचो. वही जमिनीवर उघडून ठेवायची, मागं सरायचं, मग गुरुजी वाकून बघायचे आणि लांब पट्टीनं पान उलटायचे. पाण्याच्या माठाला आम्ही हात लावायचा नाही. एखाद्या पोराला दया आली तर तो वरून ओंजळीत पाणी सोडायचा. नाही आली तर घरी जाईपर्यंत तसंच.

त्या दिवशी यादी लिहून झाल्यावर गुरुजी म्हणाले, विचारा काही. मी उठलो. "गुरुजी, एसटी सजीव का निर्जीव?"

वर्ग हसला. पण मी चेष्टा करत नव्हतो. परळीची गाडी मी सोनपेठच्या स्टँडवर कितीदा तरी बघितली होती. ती डिझेल पिते, धूर सोडते, हालते, चढाला लागली की धापा टाकते, म्हातारी झाली की मोडीत जाते. गुरुजी पण हसले. म्हणाले, "एसटीला पिलं होत नाहीत."

मी म्हणालो, "खेचराला बी होत न्हाईत गुरुजी."

वर्ग गप्प. गुरुजी पण गप्प. मग म्हणाले, "खाली बस."

त्या 'खाली बस'ला आता पन्नास वर्षं झाली. मधल्या काळात मी स्वतः विज्ञानाचा मास्तर झालो. तीच यादी तीसेक वर्षं फळ्यावर लिहिली आणि दरवर्षी एखादं पोरगं उठून एसटी नाहीतर इंजिन विचारायचंच. मी कुणाला खाली बस म्हटलं नाही. पण धड उत्तर दिलं असंही नाही. आता रिटायर झाल्यावर सवड आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी यादीचाच निकाल लावू. यादी खोटी नाही, पण फाटकी आहे. खेचर सांगितलंच. ज्या बाईला मूल झालं नाही ती काय निर्जीव? प्रजनन हे एकट्या जीवाचं लक्षण नाही, जातीचं आहे, असं मी वर्गात सांगायचो. जीवशास्त्रातला 'जाती' हा शब्द उच्चारताना माझी जीभ दरवेळी अडखळायची, आणि पोरांना वाटायचं मास्तर मुद्दाम थांबला. ज्वारीचा दाणा घ्या. पेवात पडून असतो. हालत नाही, वाढत नाही, श्वसन इतकं मंद की कळू नये. बघणारा म्हणेल खडा आहे. ओलीत पडला की चार दिवसांत कोंब. इस्रायलमधल्या मसाडा किल्ल्याच्या उत्खननात खजुराच्या बिया मिळाल्या होत्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यातल्या एका बीला २००५ साली कोंब आला. दोन हजार वर्षं बी गप्प पडून होती आणि मेली नव्हती. हा दोन हजार वर्षांचा आकडा आमच्या लोकांना ओळखीचा वाटेल.

दुसऱ्या टोकाला विषाणू. तंबाखूच्या पानावर रोग पाडणारा विषाणू स्टॅन्ली नावाच्या शास्त्रज्ञानं १९३५ साली मिठासारखा स्फटिकरूपात वेगळा काढला. बाटलीत ठेवला तर नुसती पूड, पानावर चोळला की पुन्हा पसरायला लागतो. जिवंत म्हणायचं का मेलेला, शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. असल्याच एका अर्धवट जीवानं २०२० साली अख्खं जग घरात बसवलं. लांब उभं राहा, शिवू नका, वस्तू खाली ठेवून मागं सरा. ज्यांना आयुष्यात कुणी लांब उभं केलं नव्हतं त्यांना ते फार जड गेलं. आम्हाला वही जमिनीवर ठेवायची सवय होती.

आणि आग. आगीचं मला नीट सांगायचं आहे. आग खाते. आग ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. वाढते. वाऱ्याच्या अंगानं चालते. फुंकर घातली की उठते, पाणी मारलं की मागं सरते. ठिणगी उडवून दुसऱ्या छपरावर पिलू घालते. खायला संपलं की मरते. गुरुजींच्या यादीतली आठच्या आठ लक्षणं तिला लागू पडतात.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि त्यानंतर कित्येक दिवस मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटत होत्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारलं. परभणी जिल्हाही सुटला नाही. मी तेव्हा सोळा वर्षांचा. आम्ही नदीकाठच्या बाभळीत बसून लांबचा उजेड बघत होतो. माय एकसारखी पोरं मोजत होती. त्या रात्री मला गुरुजींची यादी आठवली असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्या रात्री फक्त भीती होती. यादी फार पुढं आठवली, सातवीच्याच वर्गावर, फळ्याकडं तोंड करून उभा असताना. यादीप्रमाणं त्या रात्री आग जिवंत होती आणि बाभळीत बसलेले आम्हीही जिवंत होतो. दोघांत फरक करायला त्या यादीजवळ काही नव्हतं.

मग फरक कशात आहे? मी असा विचार करत गेलो. आग खाते, पण खाल्लेलं स्वतःजवळ काही ठेवत नाही. तिला आत नाही. जीवाला आत आणि बाहेर असतं. अगदी एका पेशीचा जीव घेतला तरी त्याला पातळसं पटल असतं. आतलं मीठ वेगळं, बाहेरचं वेगळं. आणि हे वेगळेपण आपोआप टिकत नाही. पटलावरचे छोटे पंप रात्रंदिवस मीठ आतबाहेर करत असतात, मोडलेलं दुरुस्त करत असतात, त्यासाठी अन्न जाळत असतात. हे काम थांबलं की मरण. मेलेल्या बैलाचं वजन मरणाच्या क्षणी कमी होत नाही. हाडं तीच, मास तेच, रक्तही तेच. थांबलेलं असतं ते काम. म्हणजे जगणं हेच मुळात कष्टाचं काम आहे, आणि त्यातून कुठल्याही जीवाला सुट्टी नाही, गादीवर बसलेल्यालाही नाही. त्याच्या पेशी त्याच्यासाठी राबतातच.

जो राबतो त्याला लागतं. पाणी लागतं, अन्न लागतं. दगडाला काही लागत नाही. आगीला लाकूड 'लागतं' असं आपण म्हणतो, पण विझली तर आगीचं काही बिघडत नाही, बिघडलं तर आपलं बिघडतं. ज्वारीला पाणी नाही मिळालं तर ज्वारीचं स्वतःचं बिघडतं. ज्याचं काही बिघडू शकतं ते जिवंत, अशी व्याख्या मी आता करतो. परीक्षेत लिहिली तर गुण मिळणार नाहीत. एसटीलाही ती लावून बघितली. गाडी बंद पडली तर डेपोचं बिघडतं, प्रवाशांचं बिघडतं, गाडीचं नाही. पन्नास वर्षांनी का होईना, उत्तर सापडलं.

आणखी एक गोष्ट सगळ्या जिवांत सारखी आहे, ती त्या यादीत नव्हती. मला साखरेचा आजार आहे. रोज सकाळी पोटाला इन्सुलिन टोचून घेतो. पूर्वी हे औषध डुकराच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत जाहीर झालं की माणसाचं इन्सुलिन एका जंतूकडून तयार करून घेतलं. १९८२ ला ते बाजारात आलं. जंतू कोण? ई. कोलाय. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहणाऱ्यांचा भाऊबंद. माणसाचं इन्सुलिन कसं करायचं याची सूचना डीएनएच्या तुकड्यावर लिहून त्या जंतूत घातली आणि त्यानं ती बिनचूक वाचली. वाचता आली, कारण लिपी एकच आहे. अक्षरं चार, तीन-तीन अक्षरांचा शब्द. ही लिपी उलगडली त्यांच्यात आपले हरगोविंद खुराना होते, १९६८ ला त्यांना नोबेल मिळालं. गवत, गांडूळ, गुरुजी आणि दाराजवळ बसलेले आम्ही चौघं, किरकोळ फरक सोडले तर सगळे ह्याच लिपीत लिहिलेले. घराणं एकच, तीनशे कोटी वर्षांहून जुनं. आता तारखा बघा. सप्टेंबर १९७८ मध्ये आतड्यातल्या जंतूनं माणसाचं अक्षर वाचल्याचं जाहीर झालं. त्याच्या महिना-दीड महिना आधी एका नावावरून मराठवाडा पेटला होता. विद्यापीठाच्या दारावर ते नाव वाचायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं, आणि तेही जुन्या नावाला जोडून.

इथं लेख संपवता आला असता. सगळे जीव एका घराण्यातले, म्हणून सगळी माणसं सारखी, जय भीम. सभेत असं बोललं की टाळ्या पडतात. मी बोललोय, पडल्यात. पण त्यातलं 'म्हणून' मला खटकायला लागलं.

कारण गुरुजींना यादी पाठ होती. माझं श्वसन, माझं पोषण, माझी वाढ त्यांच्यासारखीच आहे, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. तरी वही जमिनीवरच राहिली. आणि गुरुजींचं कशाला, ही गोष्ट आपल्याकडं सातशे वर्षं माहीत आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद बोलवले अशी कथा सांगतात. कथेचं सार हेच की रेड्यात आणि ब्राह्मणात प्राण एकच. एकनाथांनी रामेश्वराला न्यायचं गंगेचं पाणी तहानेल्या गाढवाला पाजलं असं सांगतात. मला ही कथा लहानपणापासून आवडते, आणि त्याच नाथांनी तापल्या वाळवंटातून महाराचं पोर कडेवर उचललं असंही सांगतात, म्हणजे तो माणूस आपल्या विचाराला जागला. पण कीर्तन ऐकून घरी गेलेल्यांनी काय केलं? आमच्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई, तिचे अभंग म्हणणाऱ्या गावांत आमचा आड वेगळाच. चोखोबांची समाधी पंढरपुरात पायरीपाशी, आणि आमच्या माणसांना आत जायला साने गुरुजींचं उपोषण होऊन १९४७ साल यावं लागलं. मुंग्यांच्या वारुळाला साखर घालणारी माणसं मी बघितलीत. साखर घालून हात झटकायचे आणि माझी सावली चुकवून जायचे. सर्वांभूती एक आत्मा, हे त्यांना कबूल होतं. अडचण त्यात नव्हती.

शिवाय वाघ आणि शेळी यांची लक्षणं सारखीच असतात. त्यावरून वाघानं शेळी खाऊ नये असं निघत नाही. निसर्गातून समता उपटून आणू म्हटलं तर मुळासकट दुसरंही बरंच वर येतं. टोळीचा म्होरक्या येतो, मधमाश्यांची राणी येते. समता ही माणसांनी बसून, वाद घालून घेतलेली गोष्ट आहे. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदानं अस्पृश्यता नष्ट केली ती कुठल्या सूक्ष्मदर्शकात बघून नाही केली. ती नको, असं ठरवलं म्हणून केली.

एका जुन्या मित्राला हे कच्चं लिखाण वाचून दाखवलं तर तो चिडला. म्हणाला, "जलमभर आपण माणूस म्हणून भांडलो. आन तू आता जंतूच्या पंगतीत नेऊन बसवायलास." त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. कुत्र्यामांजरांना तळ्याचं पाणी चालतं आणि आम्हाला नाही, हे आपण किती वेळा बोललो. ते खरंच होतं म्हणून बोललो. पण त्यात कुत्र्याचा गुन्हा काय, हे कधी बोललो नाही. मी मित्राला म्हणालो, "पंगतीत मी बसलोय तर गुरुजी बी बसलेत, माझ्या शेजारी." त्याला पटलं नाही. अजून पटलेलं नाही.

मग ह्या यादीचा उपयोग काय? माझ्या मते उपयोग आहे, पण उलट्या बाजूनं. जात नेहमी शरीराच्या भाषेत बोलते. रक्त, बीज, विटाळ, उष्टं, सोवळं. ती म्हणते, मी काही रूढी नाही, मी वस्तुस्थिती आहे. तिथं यादी काढायची आणि एकेक कलम लावून बघायचं.

उत्सर्जन घ्या. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले, त्यांच्यामागून हजारो प्यायले. नगरपालिकेनं तळं आधीच सगळ्यांना खुलं केलं होतं, कागदावर. माणसाच्या ओंजळीनं तळं बाटलं, म्हणून पुढं सवर्णांनी ते शुद्ध केलं. कशानं? दूध, दही, शेण, गोमूत्र कालवून एकशे आठ घागरी तळ्यात ओतल्या. आता विज्ञानाचा मास्तर म्हणून सांगतो. गाईच्या मुतात युरिया असतो. माझ्या मुतात तोच युरिया असतो, रेणू मोजून तोच. एका जिवाचं उत्सर्जन तळ्यात ओतून दुसऱ्या जिवाची तहान धुऊन काढली. कोर्टात हे प्रकरण दहा वर्षं चाललं, १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला.

आणि काटेकोर बोलायचं तर उच्छ्वास हेही उत्सर्जनच आहे. शरीरात अन्न जळतं, त्याचा कचरा म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आम्ही चौघं दाराजवळ बसायचो. दारातून वारा आत यायचा. म्हणजे दिवसभर आमचा उच्छ्वास आधी, मग बाकीच्या वर्गाचा श्वास. गुरुजींच्या नाकात आमचं उत्सर्जन रोज पाच तास जात होतं, आणि त्यांना ते माहीत असायला हवं होतं, कारण तो धडा त्यांनीच शिकवला.

स्टाफरूममध्ये एक सहकारी मला म्हणाले होते, "निसर्गातच सीमा आहेत सर. पेशीलासुद्धा पटल असतं. गावाला गावकूस असतं, त्यात काय बिघडलं?" हुशार माणूस. मी त्यांना मनुकांचा प्रयोग आठवून दिला. सुकलेल्या मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. पाणी पटलातून आत जातं. ह्याला अंतःपरासरण म्हणतात. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी १९३६ साली जे भाषण लिहिलं, जे मंडळानं करू दिलं नाही आणि त्यांनी स्वतः छापलं, त्यात चांगला समाज कसा असावा हे सांगताना त्यांनी नेमका हाच शब्द वापरलाय, जीवशास्त्रातला. समाजाच्या एका भागातलं दुसऱ्या भागात झिरपलं पाहिजे. पटल असतं ते आतबाहेर जाणं-येणं चालवण्यासाठी. ज्या पटलातून आमचे कष्ट गावात जातात आणि गावातलं पाणी आमच्याकडं येत नाही, ते पटल कुठल्या पेशीला असतं ते दाखवा, म्हणालो. तेवढ्यात घंटा झाली. त्यांचा तास होता, ते गेले.

आता सोनपेठचं. ११ मे २०२३ ची संध्याकाळ. सोनपेठ तालुक्यातला भाऊचा तांडा. सेप्टिक टँक साफ करायला गेलेले पाच मजूर गुदमरून मेले, आणखी एकाची प्रकृती गंभीर झाली. मजूर मुसलमान होते, एकमेकांच्या नात्यातले. मी बातमी वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. मग पुन्हा उघडला.

ह्यात श्वसनाचा धडा आहे, तो पाठ्यपुस्तकात नसतो. श्वसन म्हणजे नाकानं हवा घेणं नव्हे. श्वसन पेशीत होतं, अन्नातून शक्ती काढायची क्रिया ती. त्या टाकीत कोट्यवधी जंतू असतात आणि ते ऑक्सिजनशिवाय जगतात, मजेत जगतात. म्हणजे ऑक्सिजन हे सगळ्या जिवांचं लक्षण नाहीच. ते जंतू घाण कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकच मरतं, वास येईनासा होतो, आणि उतरलेल्याला वाटतं वायू गेला. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. तो माणसाच्या पेशीत शिरून ऑक्सिजन वापरायची जागाच अडवतो, सायनाइड अडवतं तीच. मग छाती कितीही भरून घ्या. बुंध्याशी जिवंत जंतू, वर जिवंत गाव, आणि मधे माणूस मरतो. अशा टाक्यांत बऱ्याचदा एकामागं एक मरतात, कारण पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. उद्दीपकाला प्रतिसाद, असं चेतनाक्षमतेखाली लिहायचं म्हटलं तरी तो शब्द मला तिथं पुरत नाही.

टाकीत होतं ते कुणाचं? उत्सर्जन सगळ्या जिवांचं लक्षण आहे, ते काढायला उतरणं हे सगळ्यांचं लक्षण नाही. (विष्ठेला शास्त्रात उत्सर्जन म्हणत नाहीत, मलविसर्जन म्हणतात, हे मला माहीत आहे. कुणी पत्र लिहू नये.) २०१३ च्या कायद्यानं साधनांशिवाय कुणालाही गटारात, टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलंय. गटारातल्या मृत्यूमागं दहा लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ ला सांगितलं, २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे तीस लाख केले. मोल वाढलं. आमच्या माणसांनी हे काम सोडावं म्हणून बाबासाहेब आयुष्यभर सांगत होते. जिथं सोडलं तिथं काम संपलं नाही, पुढच्या गरिबाकडं गेलं. गाव आपल्या घाणीला हात लावायला अजून तयार नाही. मला वाटतं हे आपण आपल्या लेखांत पुरतं लिहिलेलं नाही. आपण सुटलो, एवढंच लिहिलं.

ढोरं ओढायचं तसंच. १९५६ नंतर आमच्या लोकांनी ते टाकलं. बरोबर केलं. मग काही वर्षं गिधाडं ते काम करत होती. सोनपेठच्या आजूबाजूला माळावर मी लहानपणी रग्गड गिधाडं बघितली. १९९० नंतर ती झपाट्यानं गेली. गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक, त्याचा अंश असलेलं मढं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. २००६ ला गुरांसाठी ते औषध बंद केलं, तोवर बहुतेक संपली होती. गिधाड घाणेरडं म्हणून त्याच्या नावानं शिव्या देतात. ते गेल्यावर कळलं ते काय करत होतं.

ढोरांवरून आजाचं आठवलं. माय सांगायची. निजामाचं राज्य होतं, म्हणजे १९४८ च्या आधीचं. माय नुकती लग्न होऊन आलेली. पाटलाचा बैल गोठ्यामागं उकिरड्याजवळ पडला आणि आमच्याकडं सांगावा आला, पड पडलंय, घेऊन जा. घरात चार दिवस ज्वारीचा दाणा नव्हता. आजा दोर घेऊन निघाला, मागं सगळ्या वाड्यातल्या बाया टोपल्या घेऊन. कातडं, मास, वाळवायच्या चान्या, सगळ्यांचे हिशेब वाटेतच झाले.

आजानं बैलाच्या नाकापुढं हात धरला. मग गवताची काडी घेतली आणि बैलाच्या डोळ्याला हळूच लावली. पापणी हालली.

"जीव हाय," आजा म्हणाला.

पाटलाचा गडी म्हणाला, "घटकाभरात मरतंयच की. न्या वढून."

"मेल्याबिगर दोर लावायचा न्हाई." आणि आजा तिथंच खाली बसला. बाया कुरकुरल्या. आजानं मायला घरी पिटाळलं, आमच्या मडक्यातलं पाणी आणि कुठून तरी मागून गुळाचा खडा आणवला. बैलाचा जबडा उघडून थोडं थोडं पाणी सोडत बसला. दिवस मावळायच्या सुमाराला बैलानं मान उचलली, मग पुढचे पाय रोवले. बाया रिकाम्या टोपल्या घेऊन परत गेल्या, आजाला शिव्या देत.

बैल महाराच्या मडक्यातलं पाणी प्याला होता, म्हणून पाटलाच्या घरच्यांनी त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं आणि मग दावणीला बांधला. पुढं दोन पावसाळे तो औताला चालला.

त्या रात्री आपल्या घरी काय शिजलं, असं मी मायला खूपदा विचारलं. ती म्हणायची, "काय शिजलं ते ध्यानात न्हाई. बैल शिजला न्हाई, एवढं ध्यानात हाय."